मऊ सीटचा मोह

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सायकल विकत घेताना आपण काय काय पाहतो? रंग पाहतो. गिअर किती आहेत ते मोजतो. टायर जाड आहेत का, ब्रेक लागतात का, हे तपासतो. शेवटी सीटवर अंगठा दाबतो आणि ती मऊ लागली की समाधानाने मान डोलावतो. सीट पारखण्याची आपल्याकडची रीत एवढीच आहे. पण सीटवर अंगठा बसणार नसतो, माणूस बसणार असतो. म्हणून अंगठ्याने दिलेला कौल बऱ्याचदा चुकतो. तो का चुकतो, बसायला सोयीची आणि टिकायला चांगली सीट कशी ओळखायची आणि आहे ती सीट नीट कशी लावायची, हे आज थोडक्यात सांगणार आहे.

मी जालना जिल्ह्यातल्या ग्रामीण शाळांमध्ये बरीच वर्षे शारीरिक शिक्षण हा विषय शिकवला. आमच्या भागात सायकल ही हौसेची वस्तू नाही. भोकरदन-जाफराबादकडे जा, नाहीतर अंबड-घनसावंगीकडे. वाडीवस्तीवरून मोठ्या गावातल्या शाळेत येणाऱ्या मुलांसाठी सायकल म्हणजे शाळाच आहे. सायकल असेल तर शिक्षण चालू राहते. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत देण्यात आली, ती याचसाठी. जालना जिल्हा या कार्यक्रमात पहिल्यापासून होता.

आता एक गोष्ट सांगतो, जी सहसा कोणी बोलत नाही. एखादी मुलगी जूनमध्ये हौसेने सायकलवर येऊ लागते. पंधरा-वीस दिवसांनी ती पुन्हा पायी दिसते, किंवा दिसतच नाही. विचारले तर उत्तर मिळते, "पंक्चर आहे, सर." आता पंक्चर काही महिनाभर राहत नाही. मग शाळेतल्या बाई तिला बाजूला घेऊन विचारतात, तेव्हा खरे कारण बाहेर येते. बसायच्या जागी दुखते, सोलवटते, मुंग्या येतात. ही गोष्ट सरांना कशी सांगायची? वडिलांना कशी सांगायची? दुखण्याची जागाच अशी की मुलगी गप्प बसते, सायकल भिंतीला लागते आणि चार किलोमीटरची पायपीट सुरू होते. मुलांचेही तसेच आहे. ते फक्त हसण्यावारी नेतात. ज्या दुखण्याचा उपाय पुष्कळदा एका पान्याने आणि पंधरा मिनिटांत होण्यासारखा असतो, त्यासाठी शाळा बुडावी हे काही बरे नाही.

दोन हाडांचा हिशेब

मूळ गोष्ट समजून घ्यायची तर जमिनीवर मांडी घालून बसा आणि तळहात हलकेच खाली सरकवा. दोन्ही बाजूंना एकेक टणक गाठ हाताला लागेल. ही आपली बैठकीची हाडे. माकडहाड वेगळे, ते मागे, मधोमध असते. बसल्यावर शरीराचा भार पेलण्यासाठी निसर्गाने ही दोन हाडे दिली आहेत. आपल्याकडे माणसे लाकडी पाटावर तासभर बसून सावकाश जेवत. पाट काही मऊ नसतो, पण भार हाडांवर येतो म्हणून तो सोसतो.

या दोन हाडांच्या मधला भाग मात्र नाजूक आहे. जननेंद्रियांकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या तिथून जातात. सायकलच्या सीटने भार हाडांवर घेतला पाहिजे आणि मधला भाग मोकळा सोडला पाहिजे. चांगल्या सीटची व्याख्या एवढीच.

मऊ सीट नेमके याच्या उलट करते. जाड, भुसभुशीत स्पंजावर बसले की हाडे खाली रुततात, आणि दाबला गेलेला स्पंज मध्ये फुगून वर येतो. जिथे भार नको तिथेच तो येतो. शिवाय सीटच्या फुगीर कडा मांड्यांना घासतात. दुकानासमोर मारलेल्या एका चकरेत मऊ सीट जिंकते आणि अर्ध्या तासाच्या रस्त्यावर हरते. आपल्या भाषेत 'खोगीरभरती' हा शब्द आहे. घोड्याच्या खोगिरात हाताला येईल ते कोंबून ते फुगवीत, त्यावरून निरुपयोगी भरण्याला हा शब्द रूढ झाला. सायकलच्या सीटमध्येही अशी खोगीरभरती पुष्कळ असते.

हा दाब केवळ गैरसोयीचा नसतो. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार आरोग्याच्या संशोधन संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांचा अभ्यास केला. रोज काही तास सीटवर बसणाऱ्या या माणसांना बधिरपणाचा त्रास होता आणि त्याचा संबंध सीटच्या नाकाने येणाऱ्या दाबाशी होता. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. पुढे काही पोलिसांना पुढचे नाक नसलेल्या सीट वापरायला दिल्या, आणि दाब व बधिरपणा दोन्ही कमी झाले. ते निष्कर्ष २००८ साली आले. आपण सर्वांनी बिननाकाची सीट घ्यावी असे याचे तात्पर्य नाही. नाकामुळे वळताना मांड्यांना आधार मिळतो, सायकल ताब्यात राहते. पण भार नाकावर नको, मागच्या रुंद भागावर हवा, हे यातून पक्के ठरते.

डोंगरावरची सीट, सपाटीवरचा स्वार

आता आपल्याकडच्या जाड टायरच्या, गिअरच्या सायकलींकडे वळू. तरुण मुले यांना 'एमटीबी' म्हणतात, म्हणजे डोंगरातली सायकल. हिची सीट अरुंद आणि लांबट असते. जुन्या काळ्या सायकलची सीट रुंद असते, खाली मोठ्या स्प्रिंगा असतात. हा फरक का पडला, ते पाहण्यासारखे आहे.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला जॉन बोल्टबी ब्रूक्स नावाचे एक गृहस्थ घोड्याच्या सामानाचा, कातडी पट्ट्यांचा धंदा करीत. त्यांनी १८८२ साली सायकलच्या कातडी सीटचे पेटंट घेतले. घोड्याचे खोगीर करणाऱ्या हातांनीच सायकलची सीट घडवली. लोखंडी सांगाड्यावर ताणलेले जाड कातडे, आत भरण काहीच नाही. वापरता वापरता कातडे बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे खोलगट होई. हवेचा टायर डनलॉप यांनी १८८८ साली आणला. त्याआधी भरीव चाकांचे सगळे हादरे पाठीपर्यंत पोहोचत, म्हणून सीटखाली स्प्रिंगा आल्या. पुढे खराब रस्त्यांसाठी त्या राहिल्या. आपल्याकडे दुधाचे कॅन, कडब्याची पेंढी आणि मागे एक माणूस घेऊन जाणाऱ्या सायकलीला तीच ठेवण सोयीची पडली. या सायकलीवर माणूस पाठ ताठ ठेवून बसतो. सगळा भार सीटवर असतो. म्हणून रुंद सीट आणि स्प्रिंग हे गणित बरोबर आहे.

डोंगरातली सायकल जन्मली अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात. १९७० च्या दशकात तिथले तरुण जुन्या दणकट सायकली माउंट तामाल्पाइस या डोंगरावरून भरधाव खाली सोडत. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीने अशी सायकल कारखान्यात मोठ्या संख्येने बनवून बाजारात आणली. या सायकलीचा स्वार उतारावर सीटवर बसतच नाही. तो दोन्ही पायडलांवर उभा राहतो, गुडघे वाकवतो आणि शरीर मागे नेतो. तेव्हा रुंद सीट मांड्यांत अडकेल, म्हणून ती अरुंद केली. उतारावर सीट खाली-वर करता यावी म्हणून बोल्टऐवजी हाताने उघडायची क्लिप आली. चढावर तो पुढे झुकतो, त्यामुळे बराच भार हातांवर आणि पायांवर जातो.

आमच्या जिल्ह्यात उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगेचा थोडा भाग सोडला तर दक्षिणेला गोदावरीपर्यंत बहुतेक सपाटी आणि काळी माती. इथला मुलगा या सायकलीवर बसतो, ताठ बसतो, पाठीवर दप्तर घेऊन बसतो आणि उठतच नाही. उभ्या राहणाऱ्यासाठी केलेली अरुंद सीट बसून राहणाऱ्याच्या वाट्याला आली. दुकानदार मग सीट टोचते म्हणून वर स्पंजाचे जाड कव्हर चढवून देतो. म्हणजे अरुंदपणा तसाच राहतो आणि वर खोगीरभरती होते!

यावर उपाय म्हणजे एकतर बसण्याच्या पद्धतीला जुळणारी सीट घ्या, नाहीतर सीटला जुळणारी बसण्याची पद्धत शिका. शाळेच्या, दुधाच्या, शेताच्या फेऱ्यांसाठी गिअरच्या सायकललाही थोडी रुंद सीट बसवता येते. आणि सायकल कुठलीही असो, खड्डा दिसला की दोन्ही पायडल एका पातळीत आणून बूड जरा उचलायचे. हा डोंगरातल्या स्वाराचा धडा प्रत्येकाने घ्यावा. सीटही वाचते, कंबरही वाचते.

माप कसे घ्यायचे

रुंदीचे माप घरी घेता येते. किराणा दुकानातून खोक्याचा नालीदार पुठ्ठा आणा. तो पायरीवर किंवा लाकडी स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यांत त्यावर बसा, टाचा उचला आणि किंचित पुढे झुका. मिनिटभराने उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधले अंतर मोजा. मोठ्या माणसांत ते साधारण १० ते १५ सेंटिमीटर भरते. सरासरीने बायकांत ते पुरुषांपेक्षा थोडे जास्त असते. त्यात दोन सेंटिमीटर मिळवले की सीटची किमान रुंदी निघते. ताठ बसणाऱ्यांनी आणखी एक-दोन सेंटिमीटर धरावे. भावाची सायकल बहिणीला दिली की तिला त्रास का होतो, याचे एक कारण या पुठ्ठ्यावर सापडते.

रुंदीनंतर उंची. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात हलका बाक येतो. ही योग्य उंची. आपल्याकडे सीट बहुधा फार खाली असते, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असे वाटते. तसे केले की गुडघे छातीकडे येतात, पायांना जोर मिळत नाही आणि सगळा भार सीटवर पडतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा, ही सवय लावली की उंच सीटची भीती जाते. फार उंच सीटही वाईट. कंबर डावी-उजवीकडे हलते आणि सोलवटते. आठवीतली मुलगी बारावीपर्यंत किती उंच होते! पण सीट चार वर्षे दुकानदाराने लावली तिथेच असते. दर जूनला दप्तर नवे घेता, तेव्हा सीटही पाहून घ्या.

सीट वर घेताना खालच्या दांडीवर कोरलेली खूण पाहा. ती खूण बाहेर दिसता कामा नये. खूण नसेल तर निदान चार बोटे दांडी चौकटीत राहू द्या. नाहीतर दांडी वाकते किंवा चौकटच फाटते.

तिसरी गोष्ट उतार. सीट सपाट असावी. गवंड्याची पाणसळ ठेवून पाहा. नसेल तर मोबाइलमध्येही हल्ली ती सोय असते. नाक वर असेल तर नाजूक भागावर दाब येतो. नाक खाली असेल तर माणूस पुढे घसरतो आणि मनगटे दुखतात. बधिरपणा येत असेल तर नाक अगदी थोडे, दोन-तीन अंशच, खाली करून पाहावे. चौथी गोष्ट पुढे-मागे. सीटखालच्या तारांवर ती दोन-तीन सेंटिमीटर सरकते. दोन्ही पायडल आडवे ठेवून पुढच्या गुडघ्यापासून ओळंबा सोडा. तो पायडलच्या आसाजवळ यावा. एका वेळी एकच बदल करा आणि दोन दिवस चालवून पाहा. सगळे एकदम बदलले तर कशाने बरे वाटले ते कळत नाही.

टिकण्याचे गणित

आता टिकाऊपणा. सीटचे चार भाग असतात: वरचे आवरण, आतले भरण, खालचा पत्रा किंवा प्लास्टिकचा तळ, आणि ज्यांच्यावर ती बसते त्या तारा किंवा स्प्रिंगा. बिघाड बहुधा वरून सुरू होतो. नाकाच्या बाजूला मांड्या घासतात, तिथले रेक्झिन झिजते. मागचे कोपरे भिंतीला टेकवताना किंवा सायकल पडताना फाटतात. फट पडली की पावसाचे पाणी आत जाते. स्पंज ते धरून ठेवतो, वरून सीट कोरडी दिसते आणि बसले की कपडे ओले होतात. आतला पत्रा गंजतो. एका बोटभर चिरेने सगळी सीट जाते.

त्याहून मोठा शत्रू ऊन. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. उघड्यावर उभ्या केलेल्या सायकलीची काळी सीट तव्यासारखी तापते. उन्हाने रेक्झिनमधला लवचीकपणा जातो, ते कडक होते आणि तडकते. आतला फोमही जुना होऊन चुरू लागतो. म्हणून सीटचे आयुष्य वाढवणारी सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे सावली. शाळेत सायकलींसाठी चार पत्र्यांची शेड असेल तर ती मुलांच्या सीटची, टायरची आणि रंगाची बचत आहे. शेड नसेल तर धोतराच्या किंवा जुन्या चादरीच्या पांढऱ्या सुती कापडाचे कव्हर शिवून घ्या. ते ऊन परतवते, घाम टिपते आणि धुताही येते. पावसात सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधणे योग्यच आहे, पण पोहोचल्यावर ती काढा. आत दमट राहिले तर गंज लागतो.

चिरलेल्या सीटवर जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवून चार महिने निघतात. मात्र आधी सीट सावलीत पूर्ण वाळवा. पत्रा गंजून भोक पडले असेल, तार वाकली असेल किंवा प्लास्टिकच्या तळाला तडा गेला असेल, तर डागडुजी न करता सीट बदला. चालू सायकलवर ती तुटली तर इजा होईल. बसल्यावर करकर आवाज येत असेल तर क्लिपचे दोन्ही नट आळीपाळीने आवळा. आवळूनही सीट मान टाकत असेल तर क्लिपचे दाते झिजले आहेत असे समजा. ती क्लिप स्वतंत्र मिळते, त्यासाठी नवी सीट घ्यावी लागत नाही. आणि हाताने उघडणारी क्लिप असेल तर बाजारात, बसस्थानकावर सीट दांडीसकट चोरीला जाते. तिथे साधा बोल्ट बसवून घ्या. आपल्याला काही रोज डोंगर उतरायचा नाही.

कोणाकडे जुनी कातडी सीट असेल तर ती जपा. भिजली तर सावलीत वाळवा, ओली असताना तीवर बसू नका. वर्षातून एक-दोनदा मेणाचे पॉलिश हलक्या हाताने लावा. तेल चोपडले तर कातडे ढिले पडून झोळी होते.

नवी सीट घेताना अंगठा दाबायचाच असेल तर जोरात दाबा. अंगठा थेट खालच्या पत्र्याला लागला तर ते भरण सहा महिन्यांत बसेल. दाबल्यावर विरोध करणारा आणि सोडल्यावर लगेच वर येणारा दाट फोम चांगला. शिलाई कमी असेल तितके बरे, कारण पाणी शिवणीतूनच शिरते. मधोमध खाच असलेली सीट बहुतेकांना मानवते, सर्वांनाच नाही.

शेवटी दुखण्याबद्दल दोन शब्द. नव्याने सायकल चालवणाऱ्याची बैठकीची हाडे पहिला आठवडा-दहा दिवस दुखतात. ते अंगवळणी पडते, घाबरू नये. पण मुंग्या, बधिरपणा, सोलवटणे, केसतूड किंवा एकाच बाजूला दुखणे हे सवयीने जाणारे नाही. जाड शिवणीचे कपडे टाळा, सुती आतले कपडे वापरा, पाळीच्या दिवसांत त्रास जास्त वाटला तर त्या दिवसांपुरते अंतर कमी ठेवा. सीट नीट लावूनही बधिरपणा राहिला तर सायकल थांबवून डॉक्टरांना दाखवा. यात लाजण्यासारखे काहीही नाही.

मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात एक तास सायकलींसाठी द्या. एक पाना, एक पाणसळ, थोडा पुठ्ठा आणि गावातला सायकलवाला मिस्त्री एवढे पुरे. मुलींची मापे बाईंनी घ्यावीत आणि दुखते का, हा प्रश्नही त्यांनीच आधी विचारावा. मुली आपण होऊन सांगणार नाहीत. आणि एखादी सायकल दोन-तीन दिवस दिसली नाही तर "पंक्चर आहे" या उत्तरावर थांबू नका. सीट पाहायला मागा.